मर्यादवेल

दुपार कलली तेव्हा गवंडी मर्यादवेलीच्या कांड्यांची मोळी काखेत मारून घराबाहेर निघाला. ही वेल वाळू घट्ट धरून ठेवते, समुद्राला मर्यादेत राहायला लावते. शेजारच्या घरात राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीनं ती किनारभर जिवापाड वाढवली होती. भिंतीचे दगड आणणाऱ्या गाडीला वाट हवी म्हणून त्यानं ती उपटून टाकली होती. आता निदान पुन्हा लावावी... तेवढीच जिवाची टोचणी कमी होईल.

त्याचं बांधकाम इतकं सरळ, की लोक त्याला गवंड्याच्या लंबदोरीच्या नावानं ओळंबा म्हणत. समुद्राला अडवणारी त्याची भिंतही तशीच सरळ, पण त्याच्याच घरापर्यंत.

"ओळंब्या, भिंतीवर आपटलेली लाट जाते कुठं रे?" ताईनं विचारलं होतं.

"जाईल कुठंतरी. समुद्र काय लहान आहे?"

"शेजारी जाते," म्हणून ती हसली होती. मग हळूच म्हणाली होती, "माझ्या दारापर्यंत आण की."

दगड संपले, असं त्यानं सांगितलं. त्याच्या दारातला नवा दगडी ओटा ताईनं फक्त पाहिला.

भिंत संपली तिथून वळून लाटा किनारा कुरतडत गेल्या. एका उधाणात ताईचं घर गेलं. ताईही.

दोन्ही घरांना मधली भिंत एकच होती. चहा झाला की ताई पलीकडून पळीनं दोनदा ठोकायची. हा इकडून दोनदा ठोकायचा, म्हणजे आलो.

आता मोळी घेऊन तो उंबऱ्यावर असतानाच ती मधली भिंत वाजली. ठक... ठक.

ताई गेल्यापासून रोज याच वेळी वाजायची. बायकोला विचारायची त्याची छाती होत नव्हती. आज तांदूळ निवडता निवडता तीच म्हणाली,

"अहो... वन्सं बोलावतायत."

"तुला... ऐकू येतं?"

"रोज येतं. तुम्ही उत्तर कधी देता, तेच बघत होते."

त्यानं मुठीनं दोनदा ठोकलं. पलीकडे बशी किणकिणली.

घराला वळसा घालून तो मागच्या कोपऱ्यावर आला. मधल्या भिंतीची पलीकडची बाजू उघडी पडली होती. ताईच्या स्वयंपाकघराचा निळा रंग अजून तिला चिकटून होता. खाली सरळ कडा, त्याखाली पाणी. चिमणीलाही उभं राहायला जागा नव्हती.

निळ्या रंगावरून एक ओघळ उतरत होता. त्यानं हात लांबवून बोट लावलं.

चहा होता. गरम.

दचकून मागे सरताना काखेतली मोळी निसटून कड्याखाली गेली. तो कान देऊन उभा राहिला, कितीतरी वेळ.

मोळी पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नाही.