दोन्ही हात

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात १९९९ साली ट्रेनिंग रूमला एसी बसला. कामगारांसाठी नव्हे हो, कॉम्प्युटरला घाम येऊ नये म्हणून. त्या गारव्यात बसून ट्रेनिंगचं काम बघणाऱ्या यशोधराने पॉवर प्रेसचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचे, धडे बनवले होते. धडे नेटवर्कवर उघडत आणि कोण पास झाला, कोण अडकला याची नोंद सर्व्हर आपणहून ठेवी. शेवटचा धडा पास झाल्याशिवाय प्रेस-शॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा नियम प्रॉडक्शन मॅनेजर गहिनीनाथ कराळेचाच.

त्या शेवटच्या धड्यात कीबोर्डच्या दोन टोकांची बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची. प्रेसलाही तशीच दोन बटणं. दोन्ही हात तिथे गुंतले की वरून आपटणाऱ्या डायखाली, म्हणजे साच्याखाली, हात राहायचा प्रश्नच नाही.

आवाज तिने जुन्या ऑपरेटरचा घेतला होता, जामखेडकडच्या मच्छिंद्रचा. तो माइकसमोर लाजला, मग ऐटीत बोलला, "दोनी हात बटनावर ठिवा. मंग काय बी भ्या न्हाई."

पुढे तोच प्रेसखाली सापडून मेला.

माल लवकर निघावा म्हणून कराळे एका बटणात लाकडी पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवी. म्हणजे एक हात पत्रा सरकवायला मोकळा. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते. चौकशीची माणसं येईपर्यंत पाचर गायब झाली आणि मच्छिंद्रच बेफिकीर ठरला. वर कराळेने यशोधराला त्या धड्यात एक प्रश्न घालायला लावला : मच्छिंद्रचा अपघात कुणाच्या चुकीने झाला? बरोबर उत्तर, कामगाराच्या. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. तिने तो घातला. उत्तराला 'बरोबर' किंवा 'परत सांगा' म्हणणारा आवाज आधी भरलेला, मच्छिंद्रचाच राहिला.

आठवड्याभरात मच्छिंद्रची बायको रतनबाई गेटवर आली. धड्याची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. ती रडली नाही, भांडली नाही.

"बाई, त्यांच्याच तोंडून त्यांची चूक वदवून घेताय व्हय?"

यशोधराला मान वर करता येईना. कराळेचं वाटोळं व्हावं असं तिला मनापासून वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

पुढच्या महिन्यात पुण्याचे पाहुणे आले. कराळे त्यांना धडा दाखवायला रुबाबात कॉम्प्युटरसमोर बसला. 'कामगाराच्या' निवडलं. चूक. पुन्हा निवडलं. पुन्हा चूक. स्पीकरमधून मच्छिंद्र म्हणाला, "परत सांगा, साहेब."

'परत सांगा' यशोधराने भरलं होतं. 'साहेब' भरलं नव्हतं.

कराळे हसला, मशीन येडं झालंय म्हणाला आणि पाहुण्यांना खरी प्रेस दाखवायला घेऊन गेला. मेन स्विच बंद होता. बटणांपाशी कुणी नव्हतं. जागा किती असते ते दाखवायला त्याने उजवा हात डायखाली धरला.

प्रेस खाली आली.

दिवाळीनंतर तो कामावर परतला. उजवी बाही कोपराशी पिनेने टाचलेली. त्याचाच नियम त्याच्या आड आला. पाहुण्यांसमोर धडा अर्धवट सोडला तेव्हापासून सर्व्हरवर त्याच्या नावापुढे 'अपूर्ण' होतं. दुपारी तो ट्रेनिंग रूममध्ये येऊन बसला. यशोधराला त्याचं नाव नियमातून वगळता आलं असतं. तिने वगळलं नाही.

प्रश्न आला. उत्तरं तीनच असायची. आज खाली चौथं होतं, तिने कधीच न लिहिलेलं : 'साहेबांच्या.'

कराळेने डाव्या हाताने माउस जवळ ओढला. मग त्याने ते निवडलं. बरोबर.

"आता दोनी हात बटनावर ठिवा."

"मला कसं जमायचं?" कराळेने तिला विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने डावं बटण दाबलं.

उजवीकडचं बटण आपोआप खाली गेलं.

"पास झालात, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "या आता प्रेसवर."

कराळे उठला. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसावं. तो दाराकडे चालू लागला.

यशोधराने पुढे होऊन त्याच्यासाठी दार उघडून धरलं.