ठोक्याच्या आधी

"मेलेल्या प्रेसच्या जबड्यात हात घालून दाखव. नाहीतर महिनाभर मला साहेब म्हण," डबा म्हणाला. डबा म्हणजे माझा दोस्त, पोट बघून ठेवलेलं नाव. आणि मी येडा, म्हटलं, "चल!"

खरं काम ताईचं होतं. ताई गाणी करते, पण अशी, की शेजारी विचारतात पंखा बिघडलाय का. तिला तिच्याच एका जुन्या गाण्याचं रिमिक्स करून रेकॉर्ड काढायची होती. ढोल नाही, ड्रम नाही, सगळा ठेका मशीनचा. बाबा ज्या कारखान्यात होते तो कधीच बंद पडलाय. तिथली पत्रे ठोकून आकार देणारी मोठी प्रेस दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होती. ताईला त्या प्रेसजवळचा, रिकाम्या शेडचा घुमणारा आवाज हवा होता. मी अंगानं काडी, म्हणून मोडक्या खिडकीतून माईक घेऊन मी आत जायचं, आणि डब्यानं मागच्या बाजूला पहारा द्यायचा.

"नीट केलंस तर कव्हरवर नाव टाकीन," ताई म्हणाली. "पण आगाऊपणा नको. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

माझं नाव आतापर्यंत फक्त शाळेच्या तक्रारीत आलंय. कव्हरवर म्हणजे काय राव!

भर दुपार, तरी आत अंधार. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक रेघा. जळक्या तेलाचा वास, जिभेवर लोखंडाची चव. वीज तर कापलेली... तरी पायाखालची फरशी थरथरतेय असं वाटत होतं. समोर प्रेस. वरचा लोखंडी ठोकळा लाकडी टेकूवर अडकवलेला, खाली जबडा उघडा. माईक बाजूच्या खांबाला लावायचा होता. पण पैज आठवली. माईकसकट हात आत घातला, कोपरापर्यंत.

लोखंड गार लागायला हवं ना? कोमट होतं...

आणि कानाशी, अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "हात..."

वाटलं डबा. पण डब्याला हळू बोलताच येत नाही.

"हात!"

मी हात खेचला, आणि धाडकन ठोकळा खाली! सगळी शेड घुमली. माझी पाची बोटं मी तिथंच मोजली, दोनदा.

बाहेर ताईनं कानावरचे हेडफोन काढले. "मुद्दाम ओरडलास ना?"

"आईशप्पथ, मी नाही!"

"तुझ्या शपथा मी किलोनं विकीन."

ठोका मात्र तिनं घेतला. ताणला, उलटा केला, तुकडे करून गाण्यात पेरला. 'हात' कापून टाकलं, आणि कव्हरवरून मलाही. मी तिच्या खोलीच्या दाराला कान लावून बसायचो. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि त्याचीच शिक्षा. आतून ताई पुटपुटायची, "ते काढलं की ठोका मेल्यासारखा वाटतोय..."

एके दिवशी तिनं न कापलेला तुकडा लावला आणि बाबा जेवता जेवता उठून आले.

"हे कुठं मिळालं?"

"हाच ओरडलाय, बाबा."

"ठोका पाडायच्या आधी आमचे मिस्त्री असं म्हणायचे. प्रत्येक वेळी. गेले ते. त्यांच्यामुळं माझे हात शाबूत आहेत, त्यांचा स्वतःचा मात्र राहिला नव्हता."

"तुम्हीच सांगितलं असेल याला."

"घरी मी ते कधीच बोललो नाही."

तेवढ्यात दारात डबा. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि तोंड रडवेलं.

"ताई, याला बोलू नका. टेकूला दोरी मी अडकवलेली, मागच्या दाराच्या फटीतून, काठीनं. तिथूनच ओढली. वाटलं टेकू हलला की हा किंचाळेल... ठोकळा पडेल असं नव्हतं वाटलं, देवाशप्पथ."

मी उठलो त्याला धरायला. बाबांनी मला अडवलं.

"आणि 'हात' तू म्हणालास?" ताईनं विचारलं.

"नाही ना! ओढत होतो तर कुणीतरी माझं मनगट धरलं... सोडेचना. दुसऱ्यांदा 'हात' ऐकू आलं, तेव्हा सोडलं."

ताईनं कापलेला तुकडा उचलून गाण्याच्या अगदी सुरुवातीला ठेवला. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नाव पूर्ण लिहू की घरचं?"

डब्यानं बाही वर केली. मनगटावर काळ्याकुट्ट ग्रीसचे ठसे, ओले असावेत तसे चकाकत होते.

"रोज साबणानं घासतोय, काका. जातच नाही... आणि बघा ना, बोटं तीनच आहेत."