पाठ फिरवून घेतलेलं माप

त्या संध्याकाळी मी इतकी दमले होते की कारखान्यातून निघताना बूट बदलायचेसुद्धा राहून गेले. औषधांच्या पॅकिंग विभागात दिवसभर उभं राहायचं, दुसऱ्यांच्या चुका निस्तरायच्या आणि वर हसायचं… त्यात बस वाटेतच बंद पडली. समोर सायकलचं दुकान होतं. म्हटलं, झालं, आता सायकलच घेऊ.

आत एक तरुण मिस्त्री टांगलेल्या चाकाशी झटापट करत होता.

"सायकल हवीय," मी म्हणाले. "कुठलीही चालेल."

"कुठलीही कशी चालेल?" त्याने पाना खाली ठेवला. "सीट, हँडल मागाहून हलवता येतं. फ्रेम नाही. ती मोठी आली तर कायम अंग ताणत बसाल."

"तुम्ही सायकली विकता की प्रवचनं देता?"

"प्रवचन फुकट आहे."

मला हसू आलं. खरं तर हसायचंही त्राण नव्हतं.

त्याने एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलं. "भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये… म्हणजे, वरपर्यंत घट्ट धरा. आणि वरच्या कडेला पेन्सिलीने खूण… ती तुम्हीच करा." एवढं सांगेपर्यंत त्याचे कान लाल झाले. मग तो चक्क पाठ फिरवून समोरच्या भिंतीवरचे टायर न्याहाळू लागला. मी खूण केली, त्याने टेप लावला आणि एकोणीस इंची फ्रेम काढली.

"अगदी तुमच्या मापाची," तो म्हणाला.

कसली मापाची! दोन दिवसांत कंबर धरली. मी पुन्हा गेले. त्याने मला सीटवर बसवून टाच पेडलवर ठेवायला लावली, पाय पुरत नाही म्हणून सीट खाली घेतली. मग खांदे दुखायला लागले, तेव्हा हँडल जवळ आणलं. मग सीट पुढे सरकवली. दर वेळी तो समोर उकिडवा बसून विचारायचा, "आता कुठे दुखतंय?"

घरी सगळे विचारायचे, जेवलीस का. कारखान्यात विचारायचे, झालं का. कुठे दुखतंय हे विचारणारा हा एकटाच. खोटं कशाला बोलू, मी त्या प्रश्नाची वाट बघायला लागले. कधी कधी न दुखणारी मानसुद्धा दुखायची.

"मानेचा आणि पेडलचा काय संबंध?" तो डोकं खाजवायचा.

"ते तुम्ही शोधा. मिस्त्री कोण आहे?"

याच सुमारास मावशीने दुसऱ्या शहरातलं स्थळ आणलं. मुलगा चांगला, घर चांगलं. नाही म्हटलं की दहा जण 'का' विचारणार, हो म्हटलं की कुणीच विचारणार नाही. मी हो म्हणायचं ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी मावशी फोन करणार होती, त्याआधी मी सायकल घेऊन दुकानात गेले.

"ही परत घ्या. लग्न ठरतंय माझं. गाव सोडून जायचंय."

तो स्वच्छ असलेला पाना पुसत राहिला. "मुलगा… आवडला?"

"वाईट नाही."

"मी ते नाही विचारलं."

"दमलेय हो मी. नकार द्यायलाही ताकद लागते."

तो ते जाडजूड पुस्तक घेऊन आला. मग म्हणाला, "एकदा पुन्हा माप द्या. माझं काय चुकलं, एवढं तरी कळू दे."

मी भिंतीशी उभी राहिले. त्याने पुन्हा पाठ फिरवली. खूण करून वळले तर जुनी खूण नव्या खुणेच्या चांगली दोन बोटं वर होती.

"अहो, इकडे बघा!"

त्याने खुणा बघितल्या, मग माझ्या पायातल्या पातळ चपला. "त्या दिवशी पायात काय होतं?"

"कारखान्याचे बूट. जाड तळव्यांचे."

"आणि मला दिसले नाहीत?"

"दिसतील कसे?" आतून दुकानाचे मालक, म्हणजे त्याचे काका, चहाचा कप घेऊन आले. "तू भिंतीकडे तोंड करून उभा! इतक्यांची मापं घेतलीस, कधी लाजला नाहीस. यांच्याच वेळी काय झालं रे तुला?"

"काका, तुमचा चहा गार होतोय."

काका मिशीत हसत आत गेले. तो माझ्याकडे न बघता बोलला, "खरंय त्यांचं. तुम्ही दारातून आलात आणि मला… बघावंसं फार वाटत होतं, म्हणूनच बघवेना. फ्रेम चुकीची दिली. आणि नंतर तुम्ही परत परत येत होतात, म्हणून चूक मनापासून शोधलीही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मावशी.

"अगं, काय कळवू त्यांना?"

आठवडाभर घोकलेला होकार जिभेवर आला होता. मी भिंतीला टेकले. पायात गोळे आले होते, डोळे मिटत होते, आणि तरीही तोंडातून निघालं, "नाही म्हणून कळव."

"म्हणजे? दुसरं कुणी आहे का मनात?"

"आहे. पण त्याने अजून विचारलेलं नाही."

मग तो फोनजवळ वाकला आणि ठार बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा ओरडला, "विचारतोय, मावशी! आत्ताच विचारतोय!"

मी स्टुलावर बसले आणि रडायला लागले. दुःख कसलंच नव्हतं, किती तरी महिन्यांचा शीण एकदम बाहेर पडत होता. तो घाबरून समोर बसला, ग्रीसने माखलेले हात मागे लपवत. मी त्यातला एक ओढून तसाच हातात धरला. तिकडे मावशी विचारत राहिली, "अगं, कोण बोललं ते?"