पाच मिनिटं गप्प बसा

दर सातवं घर गाठायचं, असा पाहणीचा नियम होता. त्या गल्लीत सातवं घर निघालं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. एका डोळ्याला भिंग लावून तो बसला होता.

"कुठलं घड्याळ बंद पडलं?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"घड्याळ नाही," दारातली ती म्हणाली. "हृदयविकार कुणाला, कशामुळे होतो त्याची पाहणी चाललीय. त्यात तुमचं घर आलंय."

आता त्यानं मान वर केली… आणि भिंग काढायचं विसरला.

"म्हणजे बंद पडायच्या आधीच तपासता. आमच्याकडे बाई, आधी कुणी येत नाही."

त्या भागात तिला सगळे 'पट्टीवाली' म्हणत, कारण पाहणीला जाईल त्या घरी ती पट्टीनं पोटाचा घेर मोजून घ्यायची. आजवर दोनशे अकरा पोटं मोजली, हात कधी थरथरला नव्हता. दोनशे बाराव्याला मेला थरथरला.

"पोट आत ओढू नका."

"मी कुठे ओढलंय? ते आपणहून घाबरलंय."

ती खाली बघून आकडा लिहू लागली. हसू दाबताना तिला फार त्रास झाला. प्रश्न कागदावर छापलेत तसेच वाचायचे, हसायचं नाही, असाही नियम होता.

"तुम्ही धूम्रपान करता का?"

"नाही."

"कॉलेजात ओढायचा," आतून त्याच्या आईचा आवाज आला.

"दिवसाचे किती तास बसून काम करता?"

"उठतो कधी ते विचार त्याला," पुन्हा आतून.

"कुटुंबात कुणाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला होता का?"

आतून आवाज आला नाही. "वडील अठ्ठेचाळीसला गेले," तो म्हणाला. "आजोबा एक्कावन्नला. म्हणून तर लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. मी चौतीसचा. चौदा वर्षांसाठी कुणाच्या गळ्यात कशाला पडायचं?"

तो हसत हसत बोलला. तिला मात्र ते मुळीच आवडलं नाही, इतकं की तिचं तिलाच नवल वाटलं.

रक्तदाब मोजण्याआधी पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. भिंतीवर तेवीस घड्याळं होती आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं.

"कुठल्या घड्याळाची पाच मिनिटं?"

"माझ्या हातातल्या."

"ते मागे आहे."

"गप्प बसा."

तो गप्प बसला. पण बघत कुठे होता, ते काय सांगायचं… आकडा आला एकशे अठ्ठावन्न. जास्त आला की आणखी दोनदा यायचं असतं. पुढच्या आठवड्यात एकशे बासष्ट आला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"गेलो वडिलांच्या वळणावर," तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला आईनं तिला दारातच गाठलं. "औषधांच्या दुकानात मोजला की एकशे वीस येतो. तू आलीस की बिघडतो. आज दोनदा दाढी केलीय त्यानं."

पट्टीवालीच्या कानशिलापर्यंत ऊन ऊन झालं. आता मोजलं तर पुन्हा जास्तच येणार, त्याचं नाव धोक्याच्या यादीत जाणार, आणि तो जन्मभर ती चौदा वर्षं मोजत बसणार. खरं लिहायचं तर फॉर्मवर एक चौकट होती: 'मोजणाऱ्याचा या व्यक्तीशी वैयक्तिक संबंध.' तिथे खूण केली की फाइल दुसऱ्याकडे जाणार आणि हे घर सुटणार. पायरीवरच बसून तिनं खूण केली. डोळे भरून आले तेव्हा स्वतःवरच चिडली.

ऑफिसातले झुबकेदार मिशांचे काका जाऊन मोजून आले. एकशे अठरा.

रविवारी ती रक्तदाबाचं मशीन न घेता त्या दुकानात गेली.

"मशीन बिघडलं होतं म्हणायचं," तो म्हणाला.

"मशीन चांगलं होतं."

"मग फाइल का सोडलीत?"

"ज्याच्यात आपला जीव अडकला त्याचा रक्तदाब आपण मोजायचा नसतो…" ती एका दमात बोलून गेली आणि भिंतीकडे बघू लागली. "आणि ऐका. वडिलांचं आहे ते पुसता येणार नाही, जपावं लागेल. पण हजारात किती जणांना होईल एवढंच आम्हाला कळतं. कुणाला आणि कधी, ते मलाही कळत नाही नि तुम्हालाही. उगाच तारीख ठरवून बसू नका."

तो हातातलं भिंग पुसत राहिला.

"बोला ना काहीतरी."

"तुमच्यासमोर गप्प बसायची सवय तुम्हीच लावलीत," त्यानं भिंग खाली ठेवलं. "जपायचं म्हणजे काय करायचं?"

"मीठ कमी. वर्षातून एकदा तपासणी. आणि रोज अर्धा तास चालायचं."

"एकट्यानं नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"किती वर्षं सोबत हवीय?"

"आता मोजत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिचा हात धरला. हात चांगलाच थरथरत होता; कुणाचा ते दोघांनाही कळलं नाही.

"मग चला. आजपासून अर्धा तास."

"तासभर चाला," आतून आई म्हणाली. "मी घड्याळ बघणार नाही."