टँकरमागं पळणारा माणूस

आमदार गंगाधर मंडले यांचा आवाज सकाळपासून मतदारसंघातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये घुमत होता आणि खुद्द आमदार बंगल्याच्या खिडक्या लावून आत बसले होते.

मिस्बाह शिकलगारची गाडी शेरीवाडीत पोचली तेव्हा फाटकापुढं बायकांची दाटी झाली होती. प्रत्येकीच्या हातात रिकामी घागर. ज्यांच्या घागरी स्टीलच्या होत्या त्या दगडानं ठोकत होत्या, ज्यांच्या प्लॅस्टिकच्या होत्या त्या तोंडानं कसर भरून काढत होत्या.

"आत जाऊ देतील ना आपल्याला?" देवदत्त पेंडसे स्टिअरिंगमागून पुटपुटले.

"आपण आमदार थोडेच आहोत, काका!" मिस्बाह हसत खाली उतरली.

सांगलीत खाजगी गुप्तहेर म्हणून मिस्बाहचं नाव झालं होतं. देवदत्तकाका बँकेतून निवृत्त झालेले. ते गाडी जपून चालवायचे आणि निष्कर्ष मात्र भरधाव काढायचे, बहुतेक वेळा चुकीच्या रस्त्यानं. तरीही त्यांच्याशिवाय तिचं पान हलत नसे.

दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. पडद्यावर पक्षाचे ज्येष्ठ नेते बापूसाहेब साताऱ्याच्या विश्रामगृहाबाहेर पत्रकारांच्या गराड्यात उभे होते.

"हे बघा, असं आहे," बापूसाहेब शांतपणे सांगत होते, "मंडल्यांच्या जागेचा निर्णय आज संध्याकाळी होईल. लोकभावना आम्हाला कळते."

"बंद करा त्यो टीवी!" आमदार ओरडले. मग मिस्बाहकडं वळून त्यांनी हात जोडले. "या ताई. सरपंच झालो, सभापती झालो, झेडपीत गेलो, दोनदा आमदार झालो. ह्या पायांनी चालून मिळवलंय सगळं. आन आता एका क्लिपनं मातीत चाललंय. संध्याकाळच्या आत कोन हाय त्यो हुडका."

"आधी क्लिप ऐकू."

आमदारांचे स्वीय सहायक धवल यांनी मोबाइल पुढं केला. चुरगळलेला शर्ट, लाल डोळे. बिचाऱ्याला सकाळपासून घोटभर चहाही मिळाला नसावा.

क्लिप सुरू झाली. आवाज आमदारांचाच, त्याबद्दल शंकाच नको.

"हे बघा, असं आहे. या पूर्वेकडच्या लोकांना पाणी द्यायचं नाही, टँकर द्यायचा. पाणी मिळालं की माणूस ताठ होतो. आणि टँकरमागं पळणारा माणूस मतदान केंद्रावरही पळतच येतो..."

बस्स. पुढं काही नाही. मिस्बाहनं ती पुन्हा लावली. तिसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

"शेवटचा शब्द कसा वाटला, काका?"

"भयंकर!"

"अर्थ नव्हे हो. आवाज. वरच राहिलाय तो. खाली आलाच नाही."

देवदत्तकाकांनी मान हलवली. त्यांना त्यात वर काय आणि खाली काय, हे काही समजलं नव्हतं.

"एआयनं बनवलीय ही," धवल तावातावानं म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय, पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. उद्या अहवाल हातात येईल. पोलिसांत तक्रार द्या. पण आण्णा ऐकत नाहीत!"

"का हो, आमदारसाहेब?"

आण्णा खिडकीच्या बंद झडपेकडं बघत राहिले. "न्हाई, पोलीस नगं. उगं गवगवा वाढतोय. मशीनचं काम हाय एवढं नक्की."

"तुम्ही फोनवर, मोठ्या लोकांशी असं बोलता? असं म्हणजे, या भाषेत?"

"मी?" आण्णांना एवढ्या संकटातही जरा अभिमान वाटला. "आवं ताई, मी मुख्यमंत्र्याम्होरं बी आसंच बोलतो. विधानसभेत बी. सगळी भाषनं हायत की मोबाइलवर, बघा एखादं."

"लोक काय म्हणतायत, धवल?"

"क्लिपखाली हजारो शिव्या आहेत, मॅडम. एक हसणारा चेहरा सापडणार नाही. माणसं पेटलीत." बाहेर दगड लागून एक घागर ठणकली आणि धवल दचकले.

मिस्बाहनं घरातल्यांना एकेकटं गाठायचं ठरवलं.

आमदारांचे धाकटे भाऊ बाळासो परसात म्हशीपाशी उभे होते. गेली वीस वर्षं भावाच्या प्रत्येक निवडणुकीत प्रचाराची गाडी हेच फिरवत आले. आण्णांचं तिकीट कापलं तर बाळासोंना मिळेल, अशी गावात कुजबुज होती.

"क्लिप कुणी केली असेल?"

"मला काय इचारू नका. आण्णानं तोंडाला कुलूप लावाय सांगितलंय."

देवदत्तकाकांनी मिस्बाहला कोपर मारलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"मग दुसरं काहीतरी सांगा. आण्णा राजकारणात आले कसे?"

बाळासोंचा चेहरा खुलला. मग त्यांनी दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "गनपतीत नकला करायचा त्यो. तलाठ्याची, मामलेदाराची, डाक्टरची. पोटं धरून हसायची मानसं. एका साली सरपंचाचीच नक्कल केली आन फुडच्या साली सोताच सरपंच झाला." ते थांबले. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत पुन्हा म्हणाले, "नकलांवर उभा ऱ्हायलाय आण्णा. एवढं ध्येनात ठेवा, ताई. मी काय बोललो न्हाई."

"हाच!" परसातून बाहेर पडताना देवदत्तकाका कुजबुजले. "तोंडाला कुलूप म्हणे! आणि नकला येणारं घराणं. यानंच भावाचा आवाज काढला."

"मग स्वतःच नकलेचा विषय कशाला काढला त्यांनी?"

काका विचारात पडले. मिस्बाहला मात्र आता विचार पुरेसा झाला होता. तिच्या चालण्यातच ते कळत होतं.

आमदारांची मुलगी अबोली वरच्या खोलीत होती. जिल्हा परिषदेची सदस्य, तिशीची, बोलणं स्वच्छ आणि धारदार. खिडकी उघडी ठेवून ती खालच्या बायकांकडं बघत होती. त्या घरातली तेवढी एकच खिडकी उघडी होती.

"आण्णा निवडून येणार नाहीत आता," ती म्हणाली. "तिकीट मिळालं तरीही."

"तुम्हाला राग आला क्लिप ऐकून?"

"क्लिपचा नाही. बोलणारे काय, बोलतच असतात. पण असल्या बोलण्यावर हसू कसं येतं माणसांना? एखादी बाई तीन-तीन मैल घागर घेऊन चालते आणि तुम्ही तिच्यावर हसता?" तिचा आवाज एकदम कापला. "मला तेच सहन झालं नाही."

"आण्णांनंतर कोण, असं ठरलंय का काही?"

"मागच्या वेळी म्हणाले, पुढच्या वेळी तू. या वेळीही तेच म्हणाले." ती कोरडं हसली. "विचारा त्यांनाच."

जिन्यावर देवदत्तकाका हळहळले. "गुणी मुलगी आहे हो. लोक हसले ते तिला किती लागलं!"

मिस्बाह पायरीवरच थबकली. "काका, तुम्ही आज एकदम बरोबर बोललात. फक्त ते तुम्हाला माहीत नाही."

तिनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. टीव्ही पुन्हा लावायला सांगितला, आवाज बंद करून. पडद्यावर बापूसाहेबांचे ओठ हलत होते.

"आमदारसाहेब, क्लिप खोटी नाही," मिस्बाहनं सुरुवात केली. "आवाज तुमचा आहे. वाक्यही तुमच्याच तोंडातून आलंय."

धवल ताडकन उठले. "काय बोलताय, मॅडम!"

"बसा. तुम्ही क्लिप प्रयोगशाळेत पाठवायला निघालात, म्हणजे तुम्हाला ती खरोखरच खोटी वाटते. म्हणून तुमच्यावरचा संशय मी सगळ्यात आधी काढला. पण मशीन माणसाचं बोलणं त्याच्या भाषणांतून शिकतं. आण्णांची भाषणं ऐकून शिकलेलं मशीन 'हाय' म्हणालं असतं, 'न्हाई' म्हणालं असतं. क्लिपमधला माणूस 'आहे' म्हणतो, 'नाही' म्हणतो. मुख्यमंत्र्यांपुढंही भाषा न बदलणारा माणूस शुद्ध कधी बोलतो?"

धवल सावकाश खाली बसले.

"दुसऱ्याची नक्कल करताना," मिस्बाह म्हणाली. "आणि क्लिपची सुरुवात कशी आहे? 'हे बघा, असं आहे.'" तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. पत्रकारानं काहीतरी विचारलं होतं, आणि बापूसाहेबांनी हात वर करून सुरुवात केली, "हे बघा, असं आहे..."

देवदत्तकाकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"आपल्या बोलण्याची एक रीत आहे. दुसऱ्याचं वाक्य आपण आधी जसंच्या तसं बोलून घेतो आणि ते कुणाचं, ते शेवटी सांगतो. क्लिपमधला शेवटचा शब्द वरच राहिला, कारण वाक्य संपलंच नव्हतं. पुढं एवढंच होतं, 'आसं बापूसाहेब म्हनलं.' कुणीतरी ते कापलं, आणि बापूसाहेबांचं बोलणं आण्णांचं झालं."

"आण्णा!" धवल ओरडले. "मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

आमदारांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "कसं सांगू रं? तिकीट कुनाच्या हातात हाय? नक्कल बापूसाहेबांची केली म्हनलो तर तिकीट ग्येलं. आन गप बसलो तर मतं गेली."

"म्हणूनच पोलीस नको होते, आणि बाळासोंच्या तोंडाला कुलूप. पण बाळासोंना राहवलं नाही. नकलांची आठवण काढून त्यांनी मला वाट दाखवली. भावाला बुडवायचं असतं तर ते तेवढंही बोलले नसते." पुढचं बोलणं मिस्बाहला जड जात होतं. "आता उरला प्रश्न कापलं कुणी. आज ही क्लिप ऐकून कुणीही हसलेलं नाही. धवलना एक हसणारा चेहरा सापडत नाही. क्लिपमध्येही हसणं नाही. हसणं होतं ते त्याच्या पुढं, कापलेल्या भागात. ते फक्त तिथं हजर असलेल्या माणसाला माहीत असणार. अबोलीताई, हसणाऱ्यांचा राग तुम्हाला आला होता."

अबोलीनं मान खाली घातली नाही. "हो. मीच केलं."

"पोरी..." आण्णांनी डोक्यावरचे हात खाली घेतले.

"शेतावर हुरडा खात होतो आपण. तुम्ही बाळासोकाकांची करमणूक करत होतात, म्हणून मी रेकॉर्ड केलं, गंमत म्हणून. मग तुम्ही ते वाक्य बोललात, आणि तुम्ही हसलात, बाळासोकाका हसले. बापूसाहेबांनी हे तुमच्यासमोर म्हटलं, तेव्हा तुम्ही काय केलंत, आण्णा? तिथंही हसलात ना?" तिचे डोळे भरून आले होते. "आणि मला तिकीटही हवं होतं. तेही खोटं नाही. दोनदा शब्द दिलात."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव बघून तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हे बघा अबोलीताई, असं आहे," बापूसाहेबांचा आवाज मधाळ झाला होता. "जागा घरातच ठेवतोय. उमेदवारी तुमची. तासाभरात साताऱ्याला या."

फोन बंद झाला. आण्णा उठले. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "जा," ते म्हणाले. "मी न्हाई, तर तू. आमदारकी घरात ऱ्हाईल. ह्यातलं भायेर कुनी बोलनार न्हाई."

मिस्बाह बाजूला सरकली. तिचं काम संपलं होतं. देवदत्तकाकांची नजर मात्र अबोलीवरून हलेना. ही पोरगी जाते की काय, जाते की काय!

अबोली जागची हलली. ती साताऱ्याकडं नाही, व्हरांड्याकडं गेली. समोर उभ्या असलेल्या प्रचाराच्या गाडीवरचा माइक तिनं ओढून घेतला आणि फाटक उघडायला लावलं. बायकांचा लोंढा आत घुसला. धवल "मॅडम, मॅडम" करत मागं धावले, पण तिनं मोबाइल माइकला लावलाही होता.

"मी अर्धीच क्लिप सोडली होती," ती म्हणाली. "आता पूर्ण ऐका."

कर्ण्यातून आवाज फुटला. "...टँकरमागं पळणारा माणूस मतदान केंद्रावरही पळतच येतो, आसं बापूसाहेब म्हनलं!" आणि त्याच्यामागोमाग हसणं. दोघांचं, खळखळून, पोट धरून. घागरी गप्प झाल्या. पटांगणात एवढी माणसं, पण हसत होता तो एकटा कर्णा, आणि ते हसणं काही केल्या संपेना. बाळासोंनी तोंड फिरवलं.

अखेर क्लिप संपली. दोन तिकिटं एका झटक्यात गेली होती, हे धवलच्या चेहऱ्यावरून लहान पोरालाही कळलं असतं.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. हरणाबाई. डोक्यावरची घागर तिनं अजून उतरवली नव्हती.

"कोन म्हनलं त्ये कळलं," ती म्हणाली. "आता त्ये हसतंय कोन, त्ये बी सांगा."

अबोलीनं वडिलांकडं पाहिलं. आण्णा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून आले आणि तिच्या हातातून माइक घेतला.

"म्या," ते म्हणाले. "म्या हसलो, हरणाआक्का."

म्हातारीनं त्यांच्याकडं बराच वेळ रोखून बघितलं. मग डोक्यावरची घागर उतरवली, जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसली.

"बरं," ती म्हणाली. "आता फुडं बोल."