एकटीनं उठवू नका

कंबरेला बांधायचा रुंद कापडी पट्टा तिच्या पिशवीत कायम असायचा, म्हणून सगळे तिला पट्टेवाली सिस्टर म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उठवायचं, बसवायचं, त्यांची कूस बदलायची, हे तिचं काम. सतरा वर्षांत तिच्या हातून एकही माणूस पडला नव्हता, आणि हे ती चारचौघांत मिरवायचीही.

त्या दुपारी ती एका नव्या घरी गेली. पलंगावर काका होते. निवृत्त पोस्टमन. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू पार गेली. त्यांना पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, ते त्यांच्या सुनेला शिकवायचं होतं.

"खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला. चाकं अडकवायची," सिस्टर सांगत होती. "त्यांच्या कंबरेला पट्टा बांधायचा, लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवायचा. आणि ओढायचं नाही. एक, दोन, तीन म्हणत त्यांच्याबरोबर उठायचं."

"दोघींनी मिळून ना?" सुनेनं विचारलं.

"शिकलात की एकटीलाही जमेल."

"नको, सिस्टर. एकटीनं उठवू नका." सुनेचा आवाज खाली आला. "एकटीनं उठवलं की... ते हलके लागतात."

सिस्टरला हसू आलं. "हलके लागले तर बरंच की! माझी कंबर दुवा देईल."

सून हसली नाही. काकांना पट्टा बांधून पलंगाच्या कडेला बसवून झालं, तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती धावली. काका कडेवरून पुढे घसरायला लागले. गादी गुळगुळीत, चादर नवी. वाट बघण्यात अर्थ नव्हता. सिस्टरनं पट्टा घट्ट धरला.

"काका, माझ्याबरोबर. एक... दोन..."

तीन म्हणायच्या आतच ते उभे राहिले.

हाताला काही ओझंच लागलं नाही. जणू पलीकडून कुणीतरी त्यांना तितक्याच सराईतपणे उचललं होतं. खोलीत टपालाच्या ओल्या तागाच्या पोत्यासारखा वास पसरला. काकांनी पाऊल टाकलं. डावं. मग उजवं त्याच्यामागे फरपटत गेलं.

"काका, थांबा... खुर्ची इकडे आहे."

"मी नाही चालत, सिस्टर," काका कुजबुजले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. "मला... चालवतंय."

दार उघडंच होतं. दारापलीकडे जिना. सिस्टरनं सगळं बळ लावून पट्टा मागे खेचला. तो तितक्याच जोरानं पुढे खेचला गेला. तिच्या चपला फरशीवरून सरकू लागल्या. डावं पाऊल पुन्हा उचललं गेलं, उंबऱ्यावर पडलं.

"सोडू नका हो..."

ओढाओढीत आपण हरणार, हे तिला कळून चुकलं. मग हातांनी सवयीनं जे केलं तेच तिच्या कामी आलं. पडणाऱ्या माणसाला उभं धरून ठेवायचं नसतं. तिनं काकांना पाठीमागून छातीशी घेतलं, एक पाय पुढे रोवला आणि त्या मांडीवरून त्यांना सावकाश खाली घसरू दिलं. त्यांचं बूड जमिनीला टेकलं आणि पट्टा एकदम सैल पडला. सगळं वजन धाडकन परत आलं.

सून दारात येऊन उभी राहिली. "पडले?"

"नाही. मी बसवलं." सिस्टरनं पट्टा अजून सोडला नव्हता. "तुम्हाला... हे माहीत होतं?"

"आधीच्या सिस्टरनं एकटीनं उठवलं होतं. ते जिन्याच्या खालच्या वळणावर सापडले. ती म्हणाली, ते हलके लागले, मी सोडलं नव्हतं, ते आपणहून गेले. आम्हाला वाटलं, खोटं बोलतेय."

दोघींनी मिळून त्यांना पलंगावर घेतलं. या वेळी काका चांगले जड लागले. कुठे खरचटलं का, मुका मार लागला का, सिस्टरनं डोक्यापासून तपासायला घेतलं. आठ महिने जमिनीला न लागलेले तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ होतात, हे तिला पाठ होतं. उजवा मोजा तिनं काढला. तळवा तसाच होता, गुलाबी, मऊ.

मग तिनं डावा मोजा काढला. टाच भेगांनी फाटली होती, तळव्याला जाड घट्टे पडले होते, आणि भेगांमधे रस्त्यावरची बारीक खडी रुतून बसली होती... अजून ओली.