फ्लॉरेन्सचे सात दिवस

चिंचवडच्या वाचनालयातलं ते भलंमोठं चित्रांचं पुस्तक घरी न्यायला मिळत नसे. म्हणून पद्मजा दर शनिवारी शाळा सुटली की तिथेच ते उघडून बसायची. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि इटलीतलं फ्लॉरेन्स शहर म्हणजे तिचं जुनं वेड. पण १९७४ सालच्या त्या शनिवारी पुस्तक आधीच कुणीतरी पटकावलं होतं. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक तरुण पानांवर अगदी ओणवा झाला होता.

"तुम्हाला अजून किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"सात दिवस," तो मान वर न करता म्हणाला. मग दचकून उठला. "म्हणजे... माफ करा! तिथे सात दिवस आहेत माझ्याकडे."

नंदकिशोर मूळचा जालन्याचा, पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. नव्या मशिनचं काम शिकायला कंपनी त्याला चार महिने इटलीला धाडणार होती, आणि परतायच्या आधी एक आठवडा मोकळा होता.

"दोन दिवस इथे, मग रोम, व्हेनिस, मिलान—"

"दोन दिवस?" पद्मजाचा आवाज चढला. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं, तशी ती कुजबुजली, "अहो, पुढची पंगत ताटकळतेय का तिथे?"

तो हसला. "मग तुम्हीच वाढा."

आणि दर शनिवारी बेत रंगू लागला. पहिल्या दिवशी काही बघायचं नाही, नुसतं आर्नो नदीच्या काठानं हिंडायचं. मग सोनारांच्या दुकानांनी भरलेला जुना पूल. चित्रांना दोन दिवस, कारण एका दिवसात डोळे भरून जातात आणि पुढचं दिसेनासं होतं. तो मुकाट्यानं ऐकायचा. मधूनच मान वर करून तिच्याकडे बघत राहायचा...

"पुस्तक इकडे आहे," ती म्हणायची.

"हो, दिसतंय मला."

एकदा तिनं तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटाचं पान उघडलं. लाल कौलांचा डोंगरच जणू, सगळ्या गावाच्या वर उभा. नंदकिशोरनं पुस्तक जवळ ओढलं.

"खालून लाकडी आधार न देता उभारलाय हा," तो हळू आवाजात म्हणाला. "पाचशे वर्षांपूर्वी! विटा अशा गुंफल्यात की एकेक थर आपला आपण सावरतो." दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून त्यानं घुमट करून दाखवला. "आमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, पण हे जमेल म्हणायची माझी छाती नाही."

पद्मजानं ते पान कितीदा तरी पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच तिच्या अंगावर काटा आला. घुमट पाहावा, की ती गुंफलेली बोटं... तिला कळेना.

त्याच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात दोघं पवनेच्या घाटावर बसले होते. ऊन उतरलं होतं.

"रविवारी साताऱ्याहून पाहुणे येताहेत... मला पाहायला," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. मग एकदम म्हणाला, "मी तो आठवडा घेतच नाही. काम शिकून झालं की सरळ इकडे. तोवर... थांबशील?"

'थांबशील.' पहिल्यांदाच तो 'तू'वर आला होता. तिला ते गोड वाटलं, आणि रागही आला.

"मुळीच नाही! सातही दिवस राहायचं. जगात एवढं थोर काही आहे आणि तुम्ही दारातून परत फिरणार?"

"एकट्यानं बघून करू काय?"

"बघा. सगळं बघा. फक्त... त्या घुमटावर चढू नका."

"का?"

"तिथे आपण दोघं चढू."

बोलून गेली आणि तिनं झटकन तोंड फिरवलं.

"दोघं?" त्याचा आवाज अगदी जवळून आला.

"एकदा सांगितलं ना!"

घरी गेल्या गेल्या तिनं वडिलांना, प्रभाकरअण्णांना, सगळं सांगून टाकलं. अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"मुलगा परदेशी चाललाय. तिकडेच रमला तर?"

"येईल, अण्णा."

"एवढी खात्री?"

"आहे."

अण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग उठून चपला पायांत सरकवल्या. साताऱ्याला तार करायची, तर पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं.

"उद्या त्याला जेवायला बोलाव," दारातून ते म्हणाले.